कंपनीच्या मेडिक्लेमचा हप्ता कशानं वाढतो?

आम्ही बचत गटांच्या संयोजिका. आज कर्जफेड नाही, शेळीपालन नाही, मसाल्याचं पॅकिंगही नाही. आज बोलायचंय मेडिक्लेमबद्दल. तोही आपण एजंटाकडून घेतो तो नाही, तर पोराच्या किंवा सुनेच्या कंपनीतून घरादाराला मिळतो तो.

तुम्ही म्हणाल, आपल्या बायकांच्या कार्यक्रमात कंपनीचं काय काढलं? पण गटाचं रजिस्टर उघडून बघा. रांजणगाव, चाकण, सुपा, कुठल्या ना कुठल्या एमआयडीसीत प्रत्येक दुसऱ्या घरातलं कुणीतरी आहे. आणि आमच्याकडे कर्जाचे जे अर्ज येतात, त्यात ‘कर्जाचं कारण’ या रकान्यात हल्ली ‘दवाखाना’ हा शब्द फार दिसायला लागलाय. सासूबाईंचा गुडघा, सासऱ्यांची अँजिओप्लास्टी, आईचा मोतीबिंदू. आम्ही विचारतो, अहो ताई, मुलगा कंपनीत आहे ना? मेडिक्लेम आहे ना? तर उत्तर येतं, “होता की. पण यंदापासून कंपनीनं आई-वडील काढले.”

आई-वडील काढले! जसं काही रेशनकार्डावरचं नाव. एकीकडून ऐकलं, दुसरीकडून ऐकलं, मग आम्ही ठरवलं की हे काय प्रकरण आहे ते नीट समजून घ्यायचं. गटातल्या दोघी-तिघींची मुलं कंपनीच्या ऑफिसात कामाला आहेत, त्यांच्याकडून कागद मागवले, वाचले, न कळलेलं विचारलं. कळलं ते आज सांगतो. थोडा हिशेब आहे. पण गटाचं व्याज तोंडी काढणाऱ्या बायकांना हिशेबाची भीती कसली?

आधी हे बघू की कंपनीचा मेडिक्लेम आपल्या एकट्याच्या मेडिक्लेमपेक्षा वेगळा कुठे पडतो. एकट्यानं पॉलिसी घ्यायला गेलं की विमा कंपनी वय विचारते, साखर आहे का, बीपी आहे का, आधी ऑपरेशन झालंय का, सगळं विचारते. जुन्या आजाराला दोन-तीन वर्षं थांबायला लावते. कंपनीच्या पॉलिसीत बहुतेक वेळा असं काही नसतं. दोनशे कामगारांची यादी एकदम जाते, सगळे पहिल्या दिवसापासून आत. जुना मधुमेहसुद्धा आत, बाळंतपणसुद्धा आत. म्हणून ही पॉलिसी सोन्यासारखी आहे. पण ती असते एका वर्षाची. दर वर्षी नवा करार, नवा भाव.

तो भाव ठरतो कसा? आपल्याला वाटतं, विमा कंपनीच्या ऑफिसात कुणीतरी आकडा लिहितं. तसं नाही. मुख्य हिशेब एकच असतो: गेल्या वर्षी या यादीतल्या माणसांनी दवाखान्यात किती खर्च केला. तो पुढच्या वर्षी किती होईल याचा अंदाज बांधायचा, त्यात आपला खर्च मिळवायचा आणि माणसांवर वाटून टाकायचा. म्हणजे यंदाचा हप्ता हे गेल्या वर्षीच्या दवाखान्याच्या बिलांचंच दुसरं रूप आहे.

आता पाटी-पेन्सिल घ्या. आकडे आम्ही समजण्यापुरते घेतलेत, रीत मात्र खरी आहे. समजा एका कारखान्यात २०० कामगार आहेत. गेल्या वर्षी दर कामगारामागे ९ हजार रुपये हप्ता होता. म्हणजे १८ लाख रुपये विमा कंपनीकडे गेले. त्यात कामगार, बायको, दोन मुलं आणि आई-वडील, सगळे होते. वर्षभरात झालं काय? १२ बाळंतपणं झाली, प्रत्येकी ४५ हजार धरा, ५ लाख ४० हजार. पावसाळ्यात डेंग्यू, टायफॉइड, काविळीनं २० जण भरती झाले, प्रत्येकी २५ हजार, ५ लाख. हे झालं तरुण माणसांचं आणि लेकरांचं. आता म्हाताऱ्यांकडे या. दोघांच्या वडिलांची अँजिओप्लास्टी, अडीच-अडीच लाख. दोघांच्या आयांचे गुडघे बदलले, अडीच-अडीच लाख. आठ मोतीबिंदू, ३० हजारांचा एक. बेरीज करा, १२ लाख ४० हजार.

सगळं मिळून २२ लाख ८० हजार गेले. आले होते १८ लाख. विमा कंपनी म्हणणार, या वर्षी आम्ही बुडालो. पुढच्या वर्षी दवाखान्याचे दर दहा टक्क्यांनी वाढतील असं धरलं तर तोच खर्च होईल २५ लाखांच्या आसपास. शिवाय विमा कंपनीला तिचा कारभार चालवायचा असतो, दलालाचं कमिशन असतं, कॅशलेसचे कागद बघणाऱ्या टीपीए नावाच्या संस्थेची फी असते, नफा असतो. समजा १०० रुपयांतले ८० ती दवाखान्यासाठी ठेवते. मग २५ लाख द्यायचे तर मागायला हवेत ३१ लाख २५ हजार. त्याच्यावर १८ टक्के जीएसटी, ५ लाख ६२ हजार ५०० रुपये.

इथे जाता जाता एक सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून आपण स्वतः घेतलेल्या आरोग्य विम्यावरचा जीएसटी सरकारनं काढून टाकला. पण कंपनी जी गटाची पॉलिसी घेते तिच्यावर तो १८ टक्के तसाच आहे. एकट्यानं घेतला तर कर नाही आणि दोनशे जणांनी मिळून घेतला तर कर, हे आम्हाला काही पटलेलं नाही. असो.

कर बाजूला ठेवला तरी कामगारामागे ९ हजाराचा हप्ता झाला १५ हजार ६२५. मालकाच्या टेबलावर हा आकडा येतो. तो विचारतो, कमी कसा होईल? मग समोरचा माणूस त्याला दुसरा कागद दाखवतो, आई-वडील काढल्यावरचा. म्हाताऱ्यांचे १२ लाख ४० हजार वजा केले की उरतात १० लाख ४० हजार. त्यात तीच दहा टक्के वाढ धरा, तोच कारभाराचा खर्च धरा, हप्ता येतो १४ लाख ३० हजार. माणशी ७ हजार १५०. गेल्या वर्षीपेक्षाही कमी!

एका रेघेत निम्म्याहून जास्त पैसे वाचतात. आता सांगा, मालक काय करील? त्या खोलीत आपल्यातलं कुणी बसलेलं नसतं. ज्यांचं नाव कापलं जातं त्या सासूबाई तेव्हा इकडे कांद्याच्या खळ्यावर असतात. त्यांना कळतं ते दवाखान्याच्या काउंटरवर, ‘नाव यादीत नाही’ म्हणून. आणि मग तो खर्च नाहीसा होतो का? तो फक्त कंपनीच्या कागदावरून उचलून सुनेच्या बचत गटाच्या कर्जाच्या अर्जावर येतो.

म्हाताऱ्या माणसांमुळे हप्ता वाढतो हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. साठीच्या पुढे गुडघा, हृदय, डोळे, साखर हे येणारच. पण खर्च वाढायला तेवढंच कारण आहे का? नाही. आमच्या मते म्हाताऱ्यांचं नाव लगेच पुढे येतं, कारण ते कापायला सोपं. दवाखान्याचं बिल कापायला अवघड.

बिलाचं बघा. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात पेशंट नेला की पहिला प्रश्न कुठला? “मेडिक्लेम आहे का?” काय होतंय, कुठं दुखतंय, हे नंतर. सगळे डॉक्टर तसे नाहीत, देवमाणसंही आहेत, त्यांच्यामुळेच आपण जगलोत. पण विमा आहे म्हटल्यावर तपासण्यांची चिठ्ठी लांब होते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आपणही कमी नाही बरं का. ‘कंपनी भरतेय ना, मग चांगली खोली घ्या’, हे आपल्याच तोंडून निघतं. त्यात पॉलिसीची रीत अशी की बहुतेक आजारांत चोवीस तास भरती झालं तरच पैसे मिळतात. म्हणून जे काम बाहेरून औषध घेऊन, दोन फेऱ्यांत झालं असतं त्यासाठीही माणूस भरती होतो, सलाईन लागतं, दोन दिवसांचं बिल होतं. ते बिल पुढच्या वर्षीच्या हप्त्यात जाऊन बसतं.

सरकारनं काही वस्तूंचे दर बांधून दिलेत. हृदयात घालायच्या स्टेंटला फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली. साध्या स्टेंटला ७ हजार २६० रुपये आणि औषधाच्या स्टेंटला २९ हजार ६०० रुपये असा तेव्हाचा दर होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याचेही दर बांधले. चांगलं झालं. पण स्टेंट म्हणजे अख्खं बिल नव्हे. खोली, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांची फी, नर्सिंग यांचा दर ज्याचा त्याचा. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी दवाखान्यानं दरपत्रक दिसेल असं लावायचं आहे. पुढच्या वेळी गेलात की भिंतीकडे बघा. नसेल तर विचारा, दरपत्रक कुठे लावलंय? गोड बोलून विचारा, पण विचारा.

आता बाळंतपण. कारखान्यातले कामगार तरुण असले की पॉलिसीतला मोठा खर्च बाळंतपणाचा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे पाचव्या फेरीत, देशभरात सरकारी दवाखान्यातल्या १०० बाळंतपणांपैकी १४ सिझेरियन होती आणि खासगीत ४७. बाई तीच, पोट तेच, गेट बदललं की आकडा तिपटीच्या वर! अवघड बाळंतपणं खासगीत जास्त जातात असं कुणी म्हणेल. काही जातही असतील. पण एवढी? सिझेरियनचं बिल मोठं, मुक्काम जास्त, आणि पुढचं बाळंतपणही बऱ्याचदा सिझेरियनच. म्हणून आता बहुतेक कंपन्यांच्या पॉलिसीत बाळंतपणाला ठरावीक रकमेची मर्यादा असते. तिच्या वरचं घरून भरायचं.

आणि एक गोष्ट बायका म्हणून बोललीच पाहिजे. गर्भपिशवीची. अंगावरून जातंय, कंबर दुखतेय, की चाळिशीच्या आत पिशवी काढा म्हणून सांगणारे आपल्याकडे आहेत. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये सगळ्या राज्यानं ऐकलं. त्यांना कुठला कंपनीचा मेडिक्लेम नव्हता, त्यांची गोष्ट मजुरीची आणि मुकादमाच्या दंडाची होती. पण बिहार, छत्तीसगड, राजस्थानात सरकारी विमा योजनेच्या पैशासाठी गरज नसताना पिशव्या काढल्या गेल्याची तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयात गेली होती, आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानं सगळ्या राज्यांना याबाबतच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं. कार्ड आहे म्हणून ऑपरेशन नको. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पिशवीला हात लावू द्यायचा नाही. हप्ता वाढतो ते वाढतो, पण शरीर आपलं आहे.

परत मालकाच्या टेबलाकडे येऊ. सगळ्याच कंपन्या आई-वडिलांना सरळ काढत नाहीत. काही म्हणतात, ठेवा, पण त्यांचा हप्ता कामगारानं स्वतःच्या पगारातून भरायचा. ज्याला हवं त्यानं घ्यावं. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण यात एक गोम आहे आणि ती गटाच्या बाईला पटकन कळेल.

समजा आपल्या गटात आजारपणासाठी एक वेगळा डबा ठेवला. बारा जणींनी महिन्याला शंभर टाकायचे. वर्षात दोघी आजारी पडतात, डबा पुरतो. आता कुणी म्हणालं, सक्ती नको, जिला वाटेल तिनं टाकावं. कोण टाकील? जिच्या घरात आजारपण आहे तीच. धडधाकट म्हणतील, आम्हाला काय गरज? मग डब्यात पैसे टाकणाऱ्या चौघी आणि चौघींच्याही घरी दुखणं. डबा चार महिन्यांत रिकामा. पुढच्या वर्षी शंभराचे तीनशे करावे लागतात. तीनशे म्हटल्यावर त्यातली एक आणखी बाहेर पडते. कंपनीत अगदी हेच होतं. ज्यांचे आई-वडील ठणठणीत ते पैसे भरत नाहीत, आजारी आई-वडिलांचेच तेवढे राहतात, पुढच्या वर्षी हप्ता आणखी चढतो, आणखी लोक निघतात. दोन-तीन वर्षांत असा भाव होतो की कुणाला परवडत नाही. म्हणून आम्हाला वाटतं की सगळ्यांनी थोडं थोडं भरून सगळ्यांचे आई-वडील आत ठेवणं यापेक्षा बरं. तरुण पोरांना हे घरातच समजावलं पाहिजे. आज त्याचे वडील पन्नाशीत आहेत म्हणून तो नको म्हणतो.

लहान कंपनीचं आणखी वेगळं. तीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये एकाचं हृदयाचं ऑपरेशन झालं की साऱ्या वर्षाचा हप्ता त्या एकात जातो, पुढच्या वर्षी दुप्पट मागतात. हजारो माणसांच्या कंपनीत एकाचं ऑपरेशन गर्दीत मिसळून जातं. आणि धंदा मिळवायला पहिल्या वर्षी भाव पाडून द्यायचा, दुसऱ्या वर्षी चढवायचा, हेही चालतं. भाजीबाजार आणि विमा बाजार, फरक फार नाही.

आई-वडिलांना ठेवलं तरी हप्ता आवरायला आणखी दोन कात्र्या लावतात, आणि त्या बारीक अक्षरात असतात. एक म्हणजे को-पे. आई-वडिलांच्या बिलातले वीस टक्के, कधी जास्त, घरून भरायचे. हे निदान समजतं तरी. दुसरी कात्री खोलीच्या भाड्याची, तिच्यात भलेभले फसतात. हळू सांगतो.

पॉलिसी ३ लाखांची आहे आणि लिहिलंय, खोलीचं भाडं विम्याच्या रकमेच्या एक टक्का. म्हणजे दिवसाला ३ हजार. तुम्ही घेतली ६ हजारांची खोली, कारण तीच रिकामी होती किंवा पाहुणे येतात-जातात म्हणून. पाच दिवस राहिलात. तुम्हाला वाटणार, वरचे तीन हजार गुणिले पाच, १५ हजार आपण भरू. तसं होत नाही. दवाखान्यात खोली महाग घेतली की डॉक्टरांची फी, थिएटरचं भाडं, नर्सिंगसुद्धा त्या खोलीच्या दरानं लागतं. म्हणून पॉलिसीत तशी अट असली तर विमा कंपनी तेही त्याच प्रमाणात कापते. समजा बिल झालं २ लाख. त्यात खोली ३० हजार, डॉक्टर-थिएटर-नर्सिंग ९० हजार, औषधं, तपासण्या आणि आत बसवलेली वस्तू ८० हजार. खोलीचे मिळतील १५ हजार. ९० हजाराचे निम्मे, ४५ हजार. औषधं, तपासण्या आणि बसवलेली वस्तू यांत ही कापाकापी करता येत नाही, ते ८० हजार पूर्ण. एकूण १ लाख ४० हजार. घरून ६० हजार! त्यावर वीस टक्के को-पे असेल तर आणखी २८ हजार. कॅशलेस म्हणून निश्चिंत गेलेली बाई ८८ हजारांसाठी गळ्यातलं गहाण ठेवून घरी येते. म्हणून खोली घेण्याआधी दवाखान्याच्या विमा काउंटरवर विचारायचं, आमच्या पॉलिसीत खोलीची मर्यादा किती? आणि त्याच मर्यादेतली खोली मागायची. नसेल तर जनरल वॉर्ड. चार दिवस गर्दीत काढले तर काही बिघडत नाही.

हे झालं मेडिक्लेमचं. पण कारखान्यातल्या कमी पगाराच्या कामगाराला मेडिक्लेम नसतो, ईएसआय असतो, आणि तिथं हिशेबाची रीतच निराळी आहे. ईएसआयमध्ये गेल्या वर्षी कोण आजारी पडलं हे कुणी विचारत नाही. पगाराचे पाऊण टक्का कामगाराचे, सव्वातीन टक्के मालकाचे. पगार १५ हजार असेल तर कामगाराचे महिन्याला ११२ रुपये ५० पैसे, मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे, मिळून ६००. त्यात कामगार, बायको, मुलं आणि कामगारावर अवलंबून असलेले आई-वडील, सगळ्यांचा उपचार. वडिलांचं बायपास झालं म्हणून कुणाचा टक्का वाढत नाही. ईएसआयच्या दवाखान्यात रांगा आहेत, चिठ्ठीसाठी हेलपाटे आहेत, ते आम्हाला माहीत आहे. पण डबा सगळ्यांचा, भरणं ज्याच्या त्याच्या कमाईप्रमाणे, ही रीत आम्हाला जास्त माणुसकीची वाटते.

फक्त त्यात एक उंबरठा आहे, २१ हजारांचा. महिन्याचा पगार त्याच्या वर गेला की ईएसआय थांबतो. लगेच त्या दिवशी नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे टप्पे असतात, चालू टप्पा संपेपर्यंत वर्गणी कापली जाते. मग कामगार कंपनीच्या मेडिक्लेमवर जातो, आणि त्या मेडिक्लेममध्ये आई-वडील नसले तर? पोराला पगारवाढ झाली म्हणून घरात पेढे वाटले जातात आणि त्याच पगारवाढीनं म्हाताऱ्यांचा दवाखाना जातो. आमच्या एका गटात हे दोन घरांत झालंय. म्हणून पगार वीस हजारांच्या आसपास आला की मुलाला आधीच विचारून ठेवा, पुढे आमचं काय?

सासरे स्वतः ईएसआयचे कामगार होते आणि निवृत्त झालेत, तर हेही लक्षात ठेवा. किमान पाच वर्षं ते ईएसआयमध्ये असतील तर निवृत्तीनंतर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांचा उपचार चालू ठेवता येतो. वर्षाला १२०, महिन्याला नव्हे. आपल्या भागात कित्येक जण कारखान्यातून निवृत्त होऊन गावी आलेत आणि कित्येकांना हे कुणी सांगितलेलंच नाही.

आता ज्यांच्या घरातले कंपनीच्या मेडिक्लेमवर आहेत त्यांनी काय करायचं? पॉलिसी कुठल्या महिन्यात संपते ते मुलाला विचारा आणि कॅलेंडरवर गोल करून ठेवा. त्याच्या महिना-दोन महिने आधी त्यानं ऑफिसात विचारायचं, यंदा आई-वडील राहणार का, को-पे किती, खोलीची मर्यादा किती. कामगार संघटना असेल तर करारात हे बोलणं घालायचं. मालक हे काही दान देत नाही. मोठ्या कंपन्यांच्या पगाराच्या कागदावर वर्षाच्या एकूण खर्चात मेडिक्लेमचा हप्ताही धरलेला असतो. म्हणजे तो पोराच्या कमाईतलाच आहे, मग विचारायला संकोच कसला? घरात नवी सून आली, बाळ झालं तर नाव लगेच कळवायचं. बहुतेक ठिकाणी महिन्याभराची मुदत असते, ती चुकली तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं.

आई-वडील काढणार असं कळलं किंवा मुलगा नोकरी सोडणार असेल तर एक हक्क आहे. गटाच्या पॉलिसीतल्या माणसाला त्याच विमा कंपनीची स्वतःची पॉलिसी घेता येते, आणि गटात काढलेली वर्षं जुन्या आजाराच्या थांबण्याच्या मुदतीतून वजा होतात. याला मायग्रेशन म्हणतात, हाच शब्द वापरून विचारा. हप्ता वयाप्रमाणे पडेल, स्वस्त नसेल. पण आधी विचारायचं, यादीतून नाव गेल्यावर नाही.

आणि सरकारी कार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. पिवळं, केशरी, पांढरं, रेशनकार्ड कुठलंही असो. योजनेत घेतलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, भरती होण्याआधी त्याला गाठायचं. सत्तरीच्या पुढच्या आजी-आजोबांना आयुष्मान भारत योजनेत वेगळं वय वंदना कार्ड मिळतं, २९ ऑक्टोबर २०२४ पासून. उत्पन्नाची अट नाही. मुलाचा मेडिक्लेम असला, ईएसआय असला तरी हे कार्ड काढता येतं, त्यामुळे ‘आमचा पोरगा कंपनीत आहे, आम्हाला कुठलं मिळायचं’ म्हणून कुणी घरी बसू नका. आधारकार्ड हवं, त्यावर वय सत्तर पूर्ण दिसायला हवं. येत्या महिन्यातल्या ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही प्रत्येक गटाकडून सत्तरीच्या पुढच्यांची यादी घेणार आहोत. नावं आधार बघूनच लिहून आणा. आपल्या आज्यांची वयं आधारवर बऱ्याचदा पाच-सात वर्षांनी कमीच पडलेली असतात, तशी असतील तर त्यांची वेगळी यादी करा, म्हणजे दुरुस्तीला एकदमच नेता येईल.